माणूस मदतीला असताना कुत्रा कशाला? मिशिगनमधल्या एका शाळेचं प्रकरण

अपंग व्यक्तींच्या सहाय्यक श्वानांचा विषय निघाला की 'फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स' या खटल्याचं नाव हमखास येतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याचा निकाल दिला. 'शाळेत कुत्रा नेण्याचा हक्क देणारा निकाल' अशी त्याची ओळख सहज करून दिली जाते, पण निकालपत्र वाचायला घेतलं तर असा हक्क त्यात कुठेच दिलेला सापडत नाही. शाळेने कुत्र्याला येऊ द्यायला हवं होतं का, हे सुप्रीम कोर्टाने ठरवलंच नाही. त्या प्रश्नाचं उत्तर पाच वर्षं आधी, २०१२ मध्ये, केंद्रीय शिक्षण खात्याच्या एका कार्यालयाने दिलं होतं, आणि या सगळ्या बाडातला सर्वांत मोलाचा कागद माझ्या मते तोच आहे. त्यामुळे हे प्रकरण निकालापासून मागे न जाता सुरुवातीपासून पाहिलेलं बरं.

एक खुलासा आधीच करायला हवा. खटल्याची सुनावणी पुराव्यापर्यंत पोचण्याआधीच तो फेटाळला गेला होता आणि त्या फेटाळण्यावरच अपील चाललं. अशा टप्प्यावर कोर्ट तक्रारीत लिहिलेल्या गोष्टी खऱ्या धरून चालतं. म्हणजे पुढे येणारी हकीकत मुख्यतः मुलीच्या, म्हणजे फ्राय कुटुंबाने मांडलेली आहे. शाळेची बाजू साक्षी-पुराव्यातून उलगडण्याची वेळच तोपर्यंत आली नव्हती.

मुलगी आणि वंडर

कोर्टाच्या कागदांत मुलीचा उल्लेख 'ई. एफ.' असा आहे, इथेही तोच ठेवला आहे. तिला तीव्र स्वरूपाची सेरेब्रल पाल्सी आहे. वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे या स्थितीत स्नायूंवरचा ताबा कमी होतो, हातपाय ताठरतात किंवा तोल राहत नाही. ई. एफ.च्या हालचालींवर त्यामुळे मोठी मर्यादा होती. ती पाच वर्षांची असताना तिच्या बालरोगतज्ज्ञांनी प्रशिक्षित कुत्रा घेण्याचं सुचवलं आणि आईवडिलांनी वंडरला आणलं. वंडर गोल्डनडूडल, म्हणजे गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांच्या संकरातला.

वंडर काय काय करायचा याची यादी निकालपत्रात आहे. खाली पडलेली वस्तू उचलून द्यायची, ती वॉकर घेऊन चालत असताना तोल सावरायला मदत करायची, दार उघडायचं आणि लावायचं, दिवा लावायचा आणि घालवायचा, कोट काढायला हातभार लावायचा, शौचालयात कमोडवर बसताना आणि उठताना आधार द्यायचा. मोठ्या माणसाला ही यादी किरकोळ वाटेल. पण बालवर्गातल्या मुलाचा दिवस याच गोष्टींनी भरलेला असतो. पेन्सिल पडते, कोट काढायचा असतो, शू लागते. प्रत्येक वेळी मोठ्या माणसाला हाक मारून त्याला वेळ होईपर्यंत थांबायचं, की शेजारी उभ्या असलेल्या कुत्र्याला स्वतः हुकूम करायचा, यावर त्या मुलाचा दिवस कसा जातो हे ठरतं.

असा कुत्रा तयार कसा होतो हे माहीत असलं की पुढचा वाद जास्त नीट कळतो. पिल्लू सहसा पहिलं वर्षभर किंवा थोडं जास्त एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वाढतं. गर्दी, लिफ्ट, फरशीवरून सरकणाऱ्या खुर्च्यांचा आवाज, धावणारी मुलं या सगळ्याची त्याला सवय केली जाते. मग प्रशिक्षक प्रत्येक काम तुकड्यांत शिकवतो. दार उघडायचं म्हणजे हँडलला बांधलेली दोरी तोंडात धरायची, मागे सरत खेचायची, माणूस आत जाईपर्यंत थांबायचं आणि मग दोरी सोडायची. दिव्यासाठी बटण नाकाने किंवा पंजाने दाबायचं. तोल सावरण्याचं काम सर्वांत जोखमीचं. त्यासाठी कुत्र्याची उंची, वजन आणि सांधे तपासून घ्यावे लागतात, आणि माणूस टेकलेला असताना समोरून दुसरा कुत्रा गेला तरी जागचं हलायचं नाही हे अंगात मुरावं लागतं.

यानंतरचा टप्पा बाहेरच्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही, तो म्हणजे जोडी जमण्याचा. लहान मुलाचा आवाज बारीक असतो, सेरेब्रल पाल्सीत उच्चार अस्पष्टही असू शकतात, हाताची खूण प्रत्येक वेळी सारखी होत नाही. कुत्र्याला त्या एका मुलाचे हुकूम ओळखायला शिकावं लागतं, आणि मुलालाही ते ठामपणे द्यायला शिकावं लागतं. हे रोजच्या सोबतीतूनच होतं. शाळेच्या दिवसातले सहा-सात तास दोघांना वेगळं ठेवलं तर कुत्रा हळूहळू आईवडिलांचं ऐकू लागतो आणि मूल पुन्हा मोठ्यांच्या हाताची वाट पाहू लागतं.

शाळेचं म्हणणं

२००९ च्या हिवाळ्याआधी, ई. एफ. बालवर्गात असताना, आईवडिलांनी वंडरला शाळेत येऊ देण्याची परवानगी मागितली. एझ्रा एबी एलिमेंटरी स्कूल ही मिशिगन राज्यातल्या नेपोलियन या गावाची सरकारी शाळा. तिने नकार दिला.

नकाराचं कारण कुत्र्यांविषयीचा तिटकारा हे नव्हतं. अमेरिकेत विशेष गरजा असलेल्या मुलाला योग्य ते शिक्षण मोफत मिळावं असा कायदा १९७५ पासून आहे. १९९० मध्ये त्याला आजचं 'आयडीईए' हे नाव मिळालं. त्याखाली प्रत्येक मुलासाठी शाळा आणि पालक मिळून एक वैयक्तिक शिक्षण योजना लिहितात, तिला सगळे 'आयईपी' म्हणतात. ई. एफ.च्या आयईपीत दिवसभर तिच्यासोबत राहणारी एक मदतनीस आधीच मंजूर होती. वस्तू उचलून देणं, शौचालयात नेणं, कोट काढणं, सगळं ती करणार होती. तेव्हा मुलीच्या शारीरिक आणि शैक्षणिक गरजा भागत आहेतच, मग वंडरची आणखी गरज काय, असं एका अधिकाऱ्याचं म्हणणं होतं.

हा युक्तिवाद चटकन हसण्यावारी नेऊ नये. शाळेने मदत नाकारली नव्हती. उलट एका मुलासाठी एक पूर्णवेळ माणूस दिला होता आणि त्याचा पगारही शाळाच देत होती. शाळेसमोरचा कागद आयईपी होता, आणि त्या कागदाच्या चौकटीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'होय, गरज भागते' असंच येत होतं. शिवाय सरकारी संस्थांना लागू असलेल्या नियमांत सहाय्यक प्राण्याची सविस्तर व्याख्या २००९ मध्ये नव्हती. ती २०१० च्या सुधारणेत आली आणि १५ मार्च २०११ पासून लागू झाली. त्यामुळे शाळेच्या हाती तयार उत्तर नव्हतं हे मान्य करायला हवं. गडबड झाली ती वेगळ्या ठिकाणी. काम होतंय का, एवढंच शाळेने तपासलं. काम कोणाच्या हुकमाने होतंय, हे तपासण्याची जागा त्या कागदात नव्हती आणि कोणी ती करूनही घेतली नाही.

त्याच शैक्षणिक वर्षात पुढे शाळेने थोड्या काळापुरता प्रयोग करून पाहायचं मान्य केलं. पण वर्ग चालू असताना वंडरने मागच्या बाजूला बसून राहायचं, आणि ज्या कामांसाठी त्याला मुद्दाम तयार केलं होतं त्यातली बरीचशी करायची नाहीत, अशा अटी होत्या. या प्रयोगातून काय सिद्ध होणार होतं? तोल सावरायला शिकवलेला कुत्रा मुलीपासून दहा पावलांवर बसवला तर तो निरुपयोगी दिसणारच. प्रयोगाची मुदत संपली आणि शाळेने पुन्हा नकार दिला. आईवडिलांनी मुलीला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला सुरुवात केली.

कुठला प्राणी कुठल्या कामाचा

इथे थोडं थांबून एक गुंता सोडवणं भाग आहे, कारण शाळा, दवाखाने, दुकानं सगळीकडे तो होतो. सहाय्यक प्राणी एका विशिष्ट व्यक्तीसाठी, तिच्या अपंगत्वाशी थेट संबंध असलेली कामं शिकलेला असतो. अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारा कुत्रा या प्रकारातला सर्वांत जुना. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग इथे १९१६ मध्ये अशा कुत्र्यांची शाळा सुरू झाली. अमेरिकेतली 'द सीइंग आय' ही संस्था १९२९ ची. थेरपीसाठीचा प्राणी वेगळा. तो आपल्या मालकासोबत रुग्णालयात किंवा शाळेत जातो, अनेकांना भेटतो, त्याच्या सहवासाने उपचाराला किंवा वाचनाच्या सरावाला मदत होते. पण तो संस्थेने बोलावलं म्हणून येतो. आत येण्याचा कायदेशीर हक्क त्याला किंवा त्याच्या मालकाला नसतो. तिसरा प्रकार भावनिक आधाराच्या प्राण्यांचा. त्यांचं असणं हाच आधार असतो, शिकवलेलं ठरावीक काम नसतं.

अमेरिकेचा १९९० चा अपंगत्व कायदा, ज्याला सगळे 'एडीए' म्हणतात, सार्वजनिक ठिकाणी फक्त पहिल्या प्रकाराला प्रवेश देतो. २०१० च्या नियमांनुसार असा प्राणी म्हणजे कुत्राच. लहान जातीच्या घोड्यासाठी तेवढी वेगळी तरतूद आहे. अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का आणि तो कुठलं काम शिकला आहे, एवढेच दोन प्रश्न कर्मचाऱ्याला विचारता येतात, तेही उघड दिसत नसेल तरच. प्रमाणपत्र मागता येत नाही, काम करून दाखव असंही म्हणता येत नाही. कुत्रा ताब्यात राहत नसेल, किंवा त्याला घाण न करण्याची शिस्त नसेल, तर बाहेर काढता येतं. कोणाला ॲलर्जी आहे किंवा भीती वाटते, एवढं कारण पुरत नाही. तेव्हा दोघांना खोलीच्या वेगवेगळ्या भागांत किंवा वेगवेगळ्या खोल्यांत बसवून मार्ग काढणं अपेक्षित असतं.

वंडरच्या बाबतीत तो पहिल्या प्रकारात बसतो का हा वाद मुळात नव्हताच. गंमत अशी की एखादी शाळा आठवड्यातून एकदा थेरपीचा कुत्रा आनंदाने वर्गात आणते आणि तीच शाळा एका विद्यार्थ्याचा प्रशिक्षित कुत्रा दाराबाहेर ठेवते, असंही घडू शकतं. पहिला शाळेच्या मर्जीने येतो. दुसऱ्याला आत घेताना शाळेला स्वतःची व्यवस्था थोडी हलवावी लागते, आणि बहुतेक वेळा खरी अडचण तिथेच असते.

२०१२ चं उत्तर

कुटुंबाने शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार केली. आयडीईएचा आधार त्यांनी घेतला नाही. आधार घेतला तो एडीएच्या दुसऱ्या भागाचा, जो सरकारी संस्थांना लागू होतो, आणि १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम ५०४ चा, जे केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थांना भेदभाव करायला मनाई करतं.

कार्यालयाने कुटुंबाच्या बाजूने निर्णय दिला. त्याचा गाभा असा: शाळेने आयडीईएखालची सगळी कर्तव्यं पार पाडली असतील असं गृहीत धरलं, तरी भेदभाव होऊ शकतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला 'खुर्ची घरी ठेव, आमचा माणूस तुला उचलून नेईल' असं सांगणं, किंवा अंध विद्यार्थ्याला काठी वा कुत्रा वापरू न देता 'शिक्षक तुला हाताला धरून नेतील' असं म्हणणं, याच पंक्तीत शाळेचा नकार बसतो, असं कार्यालयाने म्हटलं.

या दोन उदाहरणांत सगळं प्रकरण येतं. उचलून नेलं तरी मूल वर्गात पोचतंच. पोचण्याची गरज भागतेच. तरीही ते चुकीचं आहे हे सांगायला कोणाला कायदा शिकलेला असावा लागत नाही. मग कुत्र्याच्या बाबतीत तेच का दिसत नाही? कारण खुर्ची आणि काठी ही आपल्या डोळ्यांना साधनं वाटतात आणि कुत्रा पाळीव प्राणी वाटतो. खुर्ची ही त्या व्यक्तीच्या शरीराचाच विस्तार आहे असं आपण न सांगता धरून चालतो. कुत्र्याबद्दल मात्र 'सोबतीला हवाय', 'लळा लागलाय' अशी भाषा येते, आणि त्या भाषेत विचार करणाऱ्या अधिकाऱ्याला माणसाची सोबत कुत्र्याच्या सोबतीपेक्षा वरचढ वाटणं साहजिक आहे. कुटुंबंही कधी कधी अर्ज लिहिताना हीच चूक करतात. कुत्रा मुलाला किती प्रिय आहे याची दोन पानं आणि तो कुठलं काम करतो याची एक ओळ. अर्ज वाचणाऱ्याला पाळीव प्राणीच दिसतो.

निर्णयानंतर शाळेने वंडरला येऊ देण्याची तयारी दाखवली. पण मुख्याध्यापकांशी झालेल्या भेटीनंतर आईवडिलांना वाटलं की शाळेच्या मनात राग राहील आणि मुलीचं परतणं अवघड होईल. त्यांनी दुसऱ्या भागातली दुसरी सरकारी शाळा शोधली. तिथल्या शिक्षकांनी दोघांचं मनापासून स्वागत केलं, असं निकालपत्रात नमूद आहे. म्हणजे पहिल्या शाळेत जी गोष्ट अशक्य कोटीतली वाटत होती, ती त्याच राज्यात, तशाच एका सरकारी शाळेत सुरळीत चालू झाली. मुलगी तीच, कुत्रा तोच. ही ओळ निकालपत्रात जाता जाता येते, पण मला ती शाळेच्या बचावावरची सर्वांत कडक टीका वाटते.

दार कुठलं ठोठावायचं

डिसेंबर २०१२ मध्ये कुटुंबाने फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात दावा केला. मागणी होती मुलीला झालेल्या मानसिक त्रासाच्या भरपाईची. इथून पुढे कुत्रा जवळजवळ दिसेनासा होतो आणि वाद प्रक्रियेचा होतो.

आयडीईएत तक्रारीची स्वतःची शिडी आहे: आधी शाळेशी बैठक किंवा मध्यस्थी, मग निःपक्ष अधिकाऱ्यासमोर सुनावणी, राज्याने ठेवलं असेल तर वरचं अपील, आणि शेवटी कोर्ट. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने असा निर्णय दिला होता की विशेष शिक्षणाच्या बाबतीत हाच एक रस्ता. इतर भेदभावविरोधी कायद्यांचा आधार पालकांना घेता येणार नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९८६ मध्ये कायदा बदलून तो निर्णय पुसला आणि इतर कायदे पालकांना पुन्हा खुले केले. पण एक अट घातली: आयडीईएखाली जी दाद मिळू शकते तीच दुसऱ्या कायद्याखाली मागत असाल, तर आधी आयडीईएची शिडी चढून या.

जिल्हा कोर्टाने याच अटीवर बोट ठेवून दावा फेटाळला. २०१५ मध्ये मिशिगन ज्याच्या हद्दीत येतं त्या सहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी तेच कायम केलं. बहुमताचा विचार असा होता की कुत्र्याच्या मदतीने स्वावलंबी व्हायला शिकणं ही ब्रेल वाचायला शिकण्यासारखीच शैक्षणिक गोष्ट आहे. म्हणजे झालेलं नुकसान शैक्षणिक स्वरूपाचं, आणि म्हणून रस्ता आयडीईएचा. हा विचार वरवर पाहता मुलीच्या बाजूचा वाटतो, कारण तो वंडरचं महत्त्व मान्य करतो. परिणाम मात्र उलटा: शाळेत घडलेलं सगळंच शैक्षणिक ठरतं, आणि शाळेच्या आवारात अपंग मुलाला बाकी नागरिकांसारखं थेट कोर्टात जाताच येत नाही.

सुप्रीम कोर्टात ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी युक्तिवाद झाले. न्यायमूर्ती स्कालिया यांच्या निधनानंतरची जागा रिकामी असल्याने न्यायमूर्ती आठच होते. निकाल न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिला आणि निष्कर्षाविरुद्ध एकही मत गेलं नाही. अट लागू होते ती तक्रारीचा खरा रोख 'योग्य शिक्षण मिळालं नाही' असा असेल तेव्हाच, असं त्यांनी म्हटलं. रोख ओळखण्यासाठी दोन प्रश्न सुचवले. हाच प्रकार शाळेऐवजी सार्वजनिक वाचनालयात किंवा नाट्यगृहात घडला असता तर हीच तक्रार करता आली असती का? आणि शाळेतल्याच एखाद्या प्रौढाला, कर्मचाऱ्याला किंवा पाहुण्याला, हीच तक्रार करता आली असती का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर तक्रार बहुधा भेदभावाची आहे. शाळेला रॅम्प नाही, ही तक्रार व्हीलचेअरवरचा पाहुणाही करू शकतो. गणितासाठी जादा शिकवणी मिळाली नाही, ही तक्रार वाचनालयाविरुद्ध कोणी करणार नाही.

वंडरला हे प्रश्न लावून पाहा. सहाय्यक कुत्र्यासह वाचनालयाच्या दारातून परत पाठवलेली व्यक्ती तक्रार करू शकते. कुत्र्याला आत येऊ दिलं नाही म्हणून शाळेतली शिक्षिकाही करू शकते. मुलीच्या शिक्षणात उणीव राहिली असं कुटुंबाने कुठेच म्हटलं नव्हतं, ही बाबही केगन यांनी नोंदवली. तरी त्यांनी प्रकरण संपवलं नाही. कुटुंबाने सुरुवातीला आयडीईएची प्रक्रिया अवलंबली होती का, हे पाहायला त्यांनी खालच्या कोर्टाकडे परत पाठवलं, कारण तसं असेल तर तक्रारीचा मूळ रोख वेगळा असण्याची शक्यता राहते. न्यायमूर्ती ॲलिटो आणि थॉमस यांना ही इतिहास तपासण्याची कसोटी आणि ते दोन प्रश्न, दोन्ही पटले नाहीत. दोन्ही कायद्यांची हद्द एकमेकांत मिसळते, तिथे हे प्रश्न दिशाभूल करतील असं त्यांचं मत.

निकालानंतर

एक प्रश्न केगन यांनी उघडपणे बाजूला ठेवला होता: तक्रार शिक्षणाबद्दलच असेल, पण मागणी पैशाच्या भरपाईची असेल, जी आयडीईएत मिळतच नाही, तर काय? त्याचं उत्तर २१ मार्च २०२३ रोजी 'पेरेझ विरुद्ध स्टर्जिस पब्लिक स्कूल्स' या खटल्यात आलं. तोही मिशिगनचाच, विद्यार्थी कर्णबधिर. अशा मागणीसाठी आयडीईएची शिडी चढण्याची गरज नाही, असा एकमताने निकाल झाला.

मधल्या काळात मात्र दुसऱ्या बाजूने दार लोटलं गेलं. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की कलम ५०४ खाली मानसिक त्रासाची भरपाई मागता येत नाही. एडीएचा दुसरा भाग भरपाईसाठी कलम ५०४ च्याच वाटेने जातो. म्हणजे फ्राय कुटुंबाने नेमकी जी मागणी केली होती, ती घेऊन थेट कोर्टात जाण्याचा रस्ता मोकळा झाला आणि काही वर्षांत ती मागणीच जवळपास निकामी झाली. आज असं कुटुंब वकिलाकडे गेलं तर भरपाईपेक्षा शाळेला तातडीचा आदेश मिळवण्यावर भर देणं शहाणपणाचं ठरेल.

तातडीचं कारण कुत्र्याच्या वयातही आहे. सहाय्यक कुत्रा साधारण दोन वर्षांचा असताना कामाला लागतो आणि आठ-दहा वर्षांचा झाला की बहुधा निवृत्त होतो. २००९ चा नकार आणि २०१७ चा निकाल यांत सात वर्षांहून जास्त काळ गेला. दुसरी शाळा मिळाली नसती तर वंडरचं जवळजवळ सगळं कामाचं आयुष्य कोर्टाच्या तारखांत सरलं असतं. प्रयोगाच्या नावाखाली कुत्र्याला वर्गात मागे बसवणाऱ्या शाळेशी लढताना पालकांनी आधी याच हिशेबाकडे पाहावं. नागरी हक्क कार्यालयाकडे जाणं आणि दुसरी शाळा शोधणं या दोन गोष्टींनी त्या मुलीचे दिवस बदलले. सुप्रीम कोर्टाने पुढच्या मुलांसाठी रस्ता सोपा केला.

फ्राय प्रकरणात ज्याला कोणी हातच लावला नाही, असा एक प्रश्न शाळांमध्ये रोज उभा राहतो: पट्टा कोणी धरायचा? एडीएच्या नियमांनुसार कुत्रा त्याच्या हँडलरच्या, म्हणजे त्याला हाताळणाऱ्याच्या, ताब्यात हवा आणि त्याची देखभाल ही शाळेची जबाबदारी नाही. पाच-सहा वर्षांचं, वॉकरवर चालणारं मूल हँडलर होऊ शकतं का? शाळा म्हणतात, पालकांनी वेगळा माणूस पाठवावा. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीच्या शाळा मंडळाने एका सहा वर्षांच्या मुलाच्या आईकडे हेच मागितलं होतं, वर विमा आणि जादा लसीकरणही. २०१५ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने विमा आणि जादा लसीच्या अटी रद्द केल्या. कुत्रा मुलाला बांधलेल्या पट्ट्याने ताब्यात राहतो, आणि त्याला लघवीसाठी बाहेर नेताना मुलाला सोबत करणं ही देखभाल नसून मुलालाच केलेली माफक मदत आहे, असं कोर्टाने म्हटलं. दुसऱ्या राज्यांतल्या कोर्टांना हा निकाल बंधनकारक नाही. त्यामुळे कुत्र्याला हुकूम कोण देणार, पट्टा कोणाच्या हातात किंवा कशाला जोडलेला असणार, त्याला बाहेर कोण आणि कधी नेणार, मदतनीस आजारी असेल त्या दिवशी काय, या चार गोष्टी पहिल्या दिवसाच्या आधी लेखी ठरवून घेणं पालकांच्या आणि शाळेच्याही सोयीचं. मूल मोठं होईल तशी उत्तरं बदलत जातात, म्हणून दर वर्षीच्या आयईपी बैठकीत तो कागद पुन्हा उघडावा लागतो.